पॅरोल रद्द झाला, कारण कोणी सांगेना

प्रश्न : माझा भाऊ जन्मठेपेत आहे. आई आजारी म्हणून जुलैत त्याला पंधरा दिवसांचा पॅरोल मिळाला. रोज संध्याकाळी ठाण्यावर हजेरी द्यायची अट होती. आमचं घर बेटावर. आठव्या दिवशी वादळी पावसानं फेरीबोट बंद पडली. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीनं जाऊन त्यानं सही केली. दहाव्या दिवशी पोलीस येऊन त्याला घेऊन गेले. ‘पॅरोल रद्द’, एवढंच सांगितलं, कागद नाही. आता काही करता येईल का?
– एक बहीण, तिसवाडी

उत्तर : येईल, ताई. पॅरोल मागितला की मिळालाच पाहिजे, असा कैद्याचा हक्क नाही, हे खरं. पण एकदा दिलेली मोकळीक त्याला न विचारता काढून घेता येत नाही. मनेका गांधींचा पासपोर्ट जप्त करून सरकारनं कारण सांगायचं नाकारलं, तेव्हा १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यायलाच हवी. पासपोर्टला हा न्याय, मग घरी आलेल्या माणसाला का नको?

पोलीस म्हणतील, आधी नोटीस दिली तर कैदी पळेल. मला हे पटतं. आधी ताब्यात घ्या. पण मग समोर बसवून विचारा तरी, ‘का रे, आला का नाहीस?’ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७२ च्या मॉरिसी खटल्यात, पॅरोल रद्द करण्याच्याच प्रकरणात, हाच क्रम लावून दिला : अटकेनंतर लगेच प्राथमिक चौकशी, मग पूर्ण सुनावणी, आरोप लेखी, निर्णय त्रयस्थाचा आणि त्याची कारणंही लेखी. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण युक्तिवादाला उपयोगी पडतो.

पहिलं काम, आदेशाची प्रत मिळवा. भावाला तुरुंगातून अर्ज करू द्या, तुम्ही माहिती अधिकारात मागा. अर्जात ‘व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे’ असं स्पष्ट लिहा. अशा माहितीला तीस दिवसांची नव्हे, ४८ तासांची मुदत असते. प्रतीचा एवढा आग्रह का? मोहिंदरसिंग गिल खटल्यात (१९७८) ठरलंय की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकला पाहिजे, मागाहून नवी जोडता येत नाहीत. माझ्या एका अशिलाच्या आदेशात ‘अटभंग’ एवढा एकच शब्द होता. सरकारी वकील पाच मिनिटं नवी नवी कारणं सांगत राहिले. न्यायमूर्तींनी चष्मा काढला, कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, ‘यात कुठं आहे ते दाखवा.’

‘पाचच दिवस गेले’ म्हणून सोडून देऊ नका. गोव्यातल्याच कैद्यांच्या प्रकरणात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की मुदतपूर्व सुटकेसाठी लागणाऱ्या १४ वर्षांच्या प्रत्यक्ष कैदेत पॅरोलचे दिवस धरायचे नाहीत. तेव्हा त्या पाच दिवसांनी तिथं काही बिघडलेलं नाही. महाग पडेल तो फायलीतला ‘अट मोडली’ हा शेरा. पुढच्या अर्जाच्या वेळी तो आडवा येईल.

कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पर्वरीला उच्च न्यायालयात रिट, म्हणजे सरकारी आदेशाला आव्हान देणारी याचिका, करता येईल. त्याआधी नदी परिवहन खात्याकडे लेखी विचारा, त्या संध्याकाळी तुमच्या धक्क्यावरची फेरी बंद होती का, किती वाजल्यापासून. आणि ठाण्याच्या हजेरीवहीतल्या त्या दोन दिवसांच्या पानांची प्रत मागा. दुसऱ्या दिवशी सकाळची सही तिथं असेल, तर पळून जाणारा माणूस पहिली फेरी पकडून ठाण्यावर कशाला येईल, हे त्यांनाच सांगू दे.