बागेची वही वेगळी, कारखान्याची वेगळी

प्रश्न : ताई, देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. चांगला आंबा वाशीच्या घाऊक बाजारात जातो. उरलेल्याचा घरच्या छोट्या कारखान्यात रस काढून डबे भरतो. पावसाळ्यात कलमंही विकतो. यजमान म्हणतात, शेतकऱ्याला आयकर नाही, मग विवरणपत्र कशाला? आता मोठ्या पल्परसाठी, म्हणजे रस काढायच्या यंत्रासाठी, कर्ज मागायला गेलो तर बँकेने तीन वर्षांची विवरणपत्रं मागितली. काय करू? – एक बागायतदार भगिनी

उत्तर : ताई, यजमानांचं म्हणणं बागेपुरतं खरं आहे. कारखान्याला ते लागू होत नाही.

झाडावरून उतरवलेला आंबा आढीत पिकवून, पेटीत भरून वाशीला पाठवलात, तर ते शेतीचं उत्पन्न, त्यावर आयकर नाही. तुमच्या रोपवाटिकेतली कलमंही शेतीतच धरतात. मात्र आंब्याचा रस काढून डबा सील केला की तिथे उद्योग सुरू होतो. एकाच आंब्याचे असे दोन भाग पडतात आणि ते कुठे पडतात, हे कायद्याने ठरवून दिलंय : कारखान्यात गेलेल्या स्वतःच्या आंब्याचा बाजारभाव शेतीच्या खात्यात जमा होतो आणि तोच कारखान्याचा खर्च धरतात.

आकडे घेऊन बघू. समजा 20 टन आंबा कॅनिंगला, म्हणजे डब्यात भरायला, गेला आणि त्या प्रतीच्या आंब्याचा भाव किलोला 40 रुपये होता. म्हणजे 8 लाख. डबे 20 लाखांना विकले. मजुरी, डबे, डिझेल, वीज मिळून 6 लाख खर्च. 20 मधून 8 आणि 6 गेले, राहिले 6 लाख, हा धंद्याचा नफा. फवारणी, मोहोरासाठी दिलेलं कल्टार, राखणीचे गुरखे हे खर्च इथे धरायचे नाहीत. ते बागेचे आहेत. ते 3 लाख असतील तर या 8 लाखांतून वजा करा, शेतीचे 5 लाख राहिले. वाशीचे आणि कलमांचे खर्च जाऊन 4 लाख उरले असतील, तर शेतीचं उत्पन्न एकूण 9 लाख.

या 9 लाखांवर थेट कर नाही, पण धंद्याच्या नफ्याला कोणता दर लागेल हे ठरवताना ते मोजतात. 2025-26 या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीत शेतीचे 9 आणि धंद्याचे 6 मिळून 15 लाखांवरचा कर 1,05,000 रुपये. त्यातून 9 लाख अधिक करमुक्त 4 लाख, अशा 13 लाखांवरचा 75,000 रुपये कर वजा करायचा. उरले 30,000. करपात्र उत्पन्न, म्हणजे धंद्याचे 6 लाख, 12 लाखांच्या आत असल्याने सवलतीत तेही माफ. म्हणजे भरायचा कर शून्य! विवरणपत्र मात्र भरायलाच हवं, कारण धंद्याचा नफा 4 लाखांवर आहे. बँक मागतेय तेही हेच. शेतीचं उत्पन्न 5 लाखांवर गेल्याने त्यात जमिनीचं क्षेत्र, मालकीची की खंडाने घेतलेली, बागायत की जिरायत, हेही लिहावं लागेल. म्हणून सातबारा हाताशी ठेवा.

आता वह्यांचं सांगते, आणि हे मी अगदी कळवळून सांगते. माझ्या बाबांची एकच डायरी होती. फवारणी, डिझेल, माझ्या आत्याचं लग्न, सगळं त्यातच. बँकेत भरलेल्या रोख रकमेची विचारणा आली तेव्हा चार रात्री मी माडीवर बसून तारेत ओवलेल्या दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, एकेक काढून तारखेनं लावल्या. काही पट्ट्यांवरची शाई आंब्याच्या चिकाने पुसली होती. कर एक रुपयाही निघाला नाही, पण बाबांचा चेहरा त्या दिवसांत उतरला होता तो मी विसरलेले नाही. तुमच्या घरात तसं होऊ नये.

म्हणून कारखान्याच्या दारातल्या वजनकाट्याशी एक वही बांधून ठेवा. रोज किती किलो आंबा आत गेला, त्या दिवशी कॅनिंगचा भाव काय होता, एवढं लिहा. वाशीच्या पेटीचा भाव इथे लावू नका, डागी आंब्याला तो मिळत नाही. शेजाऱ्यांचा आंबा घेत असाल तर त्याचं वजन वेगळ्या पानावर. तो विकत घेतलेला माल, त्यावरचा सगळा नफा धंद्याचाच. बागेची वही घरात, आणि बँकेतही दोन खाती. पट्ट्यांचा त्याच दिवशी फोटो काढा. एका माणसाकडून एका दिवसात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, घेतलेल्या रकमेएवढाच दंड बसू शकतो, आणि तो शेतकऱ्यालाही लागू आहे.

वही लिहायला सुनेला किंवा मुलीला बसवा, आणि शेजारी यजमानांनाही. मागच्या वर्षांच्या पट्ट्या, डब्यांची बिलं आणि बँकेचे उतारे एका पिशवीत घालून जवळच्या सनदी लेखापालाकडे याच आठवड्यात जा. मागच्या वर्षांचं काय भरता येईल, ते कागद बघूनच सांगता येतं.