वाचकांचे प्रश्न : 2 कोटी 10 लाख बिटकॉइन 800 कोटी माणसांना पुरतील का?

या वेळी बिटकॉइन या केवळ संगणकांवर चालणाऱ्या चलनाच्या मर्यादित संख्येविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्न एकमेकांना जोडून असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत. पहिल्या दोन प्रश्नांना जास्त जागा दिली आहे, कारण मुख्य विषय तेथेच आहे.

प्रश्न : बिटकॉइनची एकूण संख्या 2 कोटी 10 लाखांच्या पुढे कधीही जाणार नाही, असे वाचनात आले. जगाची लोकसंख्या 800 कोटींच्या वर आहे. म्हणजे सुमारे 380 माणसांमागे एक नाणे येते. एवढ्या थोड्या नाण्यांवर साऱ्या जगाचे व्यवहार कसे चालणार? (एक निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा)

उत्तर : आपला भागाकार बरोबर आहे, परंतु नाण्यांची संख्या कमी असणे ही या चलनापुढची सर्वांत किरकोळ अडचण आहे. एका बिटकॉइनचे 10 कोटी भाग पडतात आणि त्यातल्या सर्वांत लहान भागाला, सातोशी नाकामोतो हे टोपणनाव घेतलेल्या निर्मात्यावरून, सातोशी म्हणतात. सगळ्या नाण्यांचे मिळून 2,100 लाख कोटी सातोशी होतात आणि ते 800 कोटी माणसांत सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला 2 लाख 62 हजार 500 सातोशी येतात. चलनाची एकके किती आहेत यावर व्यवहार अडत नाही. एकके कमी असली तर भाव त्या मानाने लहान आकड्यांत सांगितले जातात, एवढाच फरक पडतो.

हे झाले गणिताचे. प्रत्यक्षात मात्र ही नाणी सारखी वाटली जाणार नाहीत, कारण ती बहुतांशी वाटून झालेली आहेत. 3 जानेवारी 2009 रोजी पहिला ब्लॉक, म्हणजे नोंदींचा पहिला गठ्ठा, तयार झाला. तेव्हापासून साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक नवा ब्लॉक, अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामाईक खातेवहीला जोडला जातो आणि तो जोडणाऱ्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. आरंभी हे बक्षीस 50 नाण्यांचे होते आणि दर 2 लाख 10 हजार ब्लॉकनंतर ते निम्मे होते. म्हणून पहिल्या जवळजवळ चार वर्षांतच 1 कोटी 5 लाख नाणी, म्हणजे एकूण संख्येच्या निम्मी, निघाली आणि त्या काळात बिटकॉइनचे नावही जगातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक होते. एप्रिल 2024 मध्ये बक्षीस चौथ्यांदा निम्मे होऊन 3.125 नाण्यांवर आले, तेव्हा 1 कोटी 96 लाख 87 हजार 500 नाणी, म्हणजे पावणेचौऱ्याण्णव टक्के, निघून गेली होती. तेव्हा उरलेली साधारण 13 लाख नाणी 2140 च्या सुमारापर्यंत पुरवून पुरवून निघायची होती. जे मूल आज जन्माला येते, त्याला हे चलन हवे असेल तर ते आधीच्या मालकांकडून, ते सांगतील त्या भावाने विकत घ्यावे लागेल. कोणत्याही नव्या चलनात आरंभी येणाऱ्याला थोडा लाभ होतोच, हे मान्य आहे. तथापि संपूर्ण मानवजातीचे चलन म्हणून जे पुढे केले जाते, त्याची निम्मी वाटणी पहिल्या चार वर्षांतल्या मूठभर उत्साही लोकांत व्हावी, हे मला न्याय्य वाटत नाही.

दुसरी अडचण खातेवहीतल्या जागेची आहे. 2010 मध्ये ब्लॉकच्या आकारावर 1 मेगाबाइटची मर्यादा घातली गेली. 2017 मधल्या सुधारणेने ती काहीशी सैल झाली, तरी या खातेवहीत सेकंदाला साधारण सातच व्यवहार नोंदवता येतात, असे धरून चालतात. दिवसाला हे सहा लाखांच्या आसपास होतात. जगातल्या प्रत्येक माणसाने फक्त एकदा पैसे पाठवायचे ठरवले, तर सगळ्यांची पाळी येऊन जायला 36 वर्षे लागतील. तुलनेसाठी आपल्याकडचे यूपीआय पाहा : ऑगस्ट 2023 मध्ये त्यावरचे व्यवहार एका महिन्यात 1000 कोटींच्या पुढे गेले, म्हणजे सेकंदाला सरासरी साडेतीन हजारांहून अधिक, आणि तेही एकाच देशात.

जागा मोजकी असली की तिचा लिलाव होतो. समजा, एका बिटकॉइनचा भाव 50 लाख रुपये आहे; म्हणजे एक सातोशी पाच पैशांना पडतो. तुम्हाला कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापावचे 20 रुपये द्यायचे आहेत, म्हणजे 400 सातोशी. नेटवर्कमधले संगणक साध्या जुन्या प्रकारच्या पत्त्यावर (म्हणजे नाणी जमा होणाऱ्या खातेक्रमांकावर) 546 सातोशींहून कमी रकमेची देवघेव नेहमीच्या मांडणीत पुढे पाठवतच नाहीत, कारण एवढी लहान रक्कम नंतर खर्च करायला तिच्या किमतीहून अधिक शुल्क पडण्याचा संभव असतो. त्यामुळे तुमचे 20 रुपये वाटेतच अडतील. रक्कम मोठी असली तरी साधा व्यवहार सुमारे 140 बाइट जागा घेतो. बाइटमागे 20 सातोशी असा दर चालू असेल तर शुल्कच 140 रुपये होते. गर्दी झाली की हा दर कुठल्या कुठे जातो. डिसेंबर 2017 मध्ये सरासरी शुल्क 50 डॉलरच्या वर गेले होते.

यावर लाइटनिंग नेटवर्क नावाचा उपाय निघाला आहे. दोघांनी मुख्य खातेवहीत एकदा रक्कम अडकवून आपसांत एक वाहिनी उघडायची, त्यानंतरचे शेकडो लहान व्यवहार बाहेरच्या बाहेर करायचे आणि शेवटी हिशेब मिटवताना पुन्हा एकदा नोंद करायची. ही कल्पना हुशारीची आहे आणि लहान रकमांसाठी ती खरोखर चालते. परंतु वाहिनी उघडायलाही मुख्य खातेवहीत जागा लागतेच. या नेटवर्कची मूळ मांडणी करणाऱ्या जोसेफ पून व थॅडियस ड्रायजा यांनीच असा हिशेब दिला होता की, 700 कोटी लोकांना वर्षाला प्रत्येकी दोन वाहिन्या उघडता याव्यात म्हणून 133 मेगाबाइटचे ब्लॉक लागतील. एवढे मोठे ब्लॉक घेतले तर खातेवहीची संपूर्ण प्रत घरच्या साध्या संगणकावर ठेवणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जाईल; आणि ती कोणालाही ठेवता यावी, कोणावर विश्वास ठेवण्याची वेळ येऊ नये, हेच तर या चलनाचे मुख्य बलस्थान आहे.

मग व्यवहारात होते असे की, बहुतेक लोक आपली नाणी एखाद्या कंपनीच्या खात्यावर ठेवतात आणि त्यांच्या हातात उरते ते केवळ येणे, म्हणजे कंपनीकडून नाणी परत मिळण्याचा हक्क. टोकियोतील माउंट गॉक्स हा बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीचा बाजार फेब्रुवारी 2014 मध्ये बुडाला तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ झाल्याचे जाहीर झाले. त्यांपैकी दोन लाख पुढे सापडले. नाण्यांची मर्यादा अभेद्य राहिली तरी त्यांवर उभ्या राहिलेल्या येण्यांना ती मर्यादा लागू होत नाही.

प्रश्न : सरकारे नोटा छापतात म्हणून महागाई होते. चलन मर्यादित असेल तर वस्तू दरवर्षी स्वस्त होतील. सामान्य माणसाला याहून चांगले काय? (एक वाचक, लातूर)

उत्तर : महागाईने होरपळलेल्या माणसाला हा विचार पटावा, यात नवल नाही, आणि नोटा छापण्याच्या अधिकाराचा दुरुपयोग झाल्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत. परंतु बहुतेक कुटुंबे केवळ खरेदीदार नसतात. ती काहीतरी विकतात आणि काहीतरी देणे लागतात.

आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. सोयाबीनचा भाव क्विंटलला 5,000 रुपये आहे आणि शेतकऱ्याने 5 लाखांचे कर्ज काढले आहे. म्हणजे तो 100 क्विंटल सोयाबीन देणे लागतो. जगाचे उत्पादन वाढत राहिले, चलन मात्र तेवढेच राहिले आणि त्यामुळे भाव दरवर्षी 3 टक्क्यांनी उतरत गेले, तर दहा वर्षांनी क्विंटलला सुमारे 3,690 रुपये मिळतील. तेव्हा व्याज बाजूला ठेवून नुसते मुद्दल फेडायलाही त्याला जवळपास 136 क्विंटल विकावे लागतील. त्याचे स्वतःचे उत्पादन त्याच वेगाने वाढले तर तो तरेल. कोरडवाहू जमिनीत ते वाढत नाही. व्याजदर कमी करून भरपाई होईल असे काही अर्थतज्ज्ञ म्हणतात, पण नुसते घरात ठेवलेले पैसेच दरवर्षी अधिक खरेदी करू लागले, तर जोखीम घेऊन कर्ज द्यायला पुढे कोण येईल?

हे केवळ कागदावरचे गणित नाही. 1929 नंतरच्या मंदीत सोन्याला बांधलेल्या चलनांच्या देशांत भाव कोसळत गेले. ब्रिटनने सप्टेंबर 1931 मध्ये आणि अमेरिकेने 1933 मध्ये ते बंधन सोडले. भारतात शेतमालाचे भाव पडले, सावकाराचे मुद्दल व सरकारचा सारा मात्र रुपयांत ठरल्याप्रमाणेच राहिला आणि घराघरांतले सोने विकले जाऊन 1931 पासून मोठ्या प्रमाणावर परदेशी गेले. मुंबई प्रांतात शेतकरी ऋणकोंना दिलासा देणारा कायदा 1939 मध्ये करावा लागला, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

मर्यादित चलनाची बाजू मांडताना अलीकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दाखला दिला जातो, म्हणून त्याविषयीही लिहितो. 1923 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या प्रबंधात त्यांनी रुपये पाडण्याच्या सरकारच्या मोकळिकीवर कठोर टीका केली होती आणि पुढे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शाही चलन आयोगापुढेही तीच भूमिका मांडली. टांकसाळ जनतेला जशी बंद आहे तशी ती सरकारलाही बंद करावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे मोठेपण असे की, चलनाच्या अतिरेकाने गरिबाच्या कमाईचे मोल कसे घटते, याकडे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी लक्ष वेधले. परंतु त्याच योजनेत सोन्याच्या नाण्याची टांकसाळ उघडावी आणि दोन्ही नाणी कायद्याने ठरलेल्या दराने चालावीत, असेही ते सांगतात. रुपया मर्यादित, पण एकूण चलन वाढायला वाट मोकळी, अशी ही रचना आहे. बिटकॉइनमध्ये ती वाट मुद्दाम बुजवलेली आहे. त्यामुळे अर्धाच भाग उद्धृत करून आंबेडकरांना बिटकॉइनचे पूर्वसूरी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

चलन लवचीक असण्याची गरज मुंबईच्या व्यापाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. कापूस खरेदीच्या महिन्यांत रोकड शहरातून खेड्यांकडे जाई, नाणेबाजारात टंचाई होई आणि व्याजदर चढत. हंगाम सरला की ते उतरत. 1 एप्रिल 1935 रोजी सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेकडून अपेक्षित असलेल्या कामांपैकी ही चढउतार सांभाळणे हे एक होते. ज्या चलनाचा पुरवठा सुगी, दुष्काळ किंवा साथीचा रोग, काहीही आले तरी दर दहा मिनिटांना ठरलेल्या नाण्यांपलीकडे हलत नाही, त्यात हे काम करणारे कोणीच नसते.

प्रश्न : हरवलेल्या नाण्यांचे काय होते? आणि गरज पडली तर 2 कोटी 10 लाखांची मर्यादा वाढवता येते का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : ज्या गुप्त किल्लीने नाणे खर्च करता येते ती हरवली की नाणे खातेवहीत दिसत राहते, पण ते कोणालाच हलवता येत नाही. पहिल्या ब्लॉकची 50 नाणी तर प्रणालीच्या रचनेमुळेच खर्च होऊ शकत नाहीत. म्हणजे वापरात असलेला साठा 2 कोटी 10 लाखांहून कमीच राहणार.

मर्यादा ही सॉफ्टवेअरमधील एक अट आहे. ती बदलता येते, पण नेटवर्क चालवणाऱ्या बहुसंख्य लोकांनी बदललेले सॉफ्टवेअर स्वीकारले तरच. आणि आपल्या नाण्यांचे मोल घटवणारा बदल ते खुशीने का स्वीकारतील? ही अट एकदा चुकून मोडली होती. 15 ऑगस्ट 2010 रोजी बेरजेतल्या दोषामुळे एका ब्लॉकमध्ये 18,400 कोटींहून अधिक नाणी निर्माण झाली. काही तासांत सुधारित सॉफ्टवेअर आले, लोकांनी ते बसवले आणि तो ब्लॉक खातेवहीतून बाद झाला. नियम माणसेच पाळतात आणि माणसेच दुरुस्त करतात, हे या प्रसंगातून स्पष्ट दिसते.

प्रश्न : एखाद्या संपूर्ण देशाने हा प्रयोग करून पाहिला आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : होय. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरने 7 सप्टेंबर 2021 पासून बिटकॉइनला अमेरिकी डॉलरच्या जोडीने कायदेशीर चलन केले. त्या देशाने स्वतःचे चलन सोडून 2001 मध्येच डॉलर स्वीकारला होता. परदेशांत राबणाऱ्या नातेवाइकांकडून येणारे पैसे स्वस्तात घरी पोहोचावेत, हा एक उद्देश सांगितला गेला आणि तो उद्देश चांगलाच होता. सरकारने चिवो नावाचे अॅप काढले आणि ते घेणाऱ्याला 30 डॉलरचे बिटकॉइन दिले. अर्थतज्ज्ञांनी घरोघरी केलेल्या पाहणीत असे आढळले की, बहुतेकांनी ते 30 डॉलर खर्च केले आणि नंतर अॅप वापरणे सोडून दिले. ज्यांनी वापर चालू ठेवला त्यांत शिकलेले, तरुण आणि बँक खाते असलेले पुरुष अधिक होते, म्हणजे ज्यांची सोय व्हायची त्यांच्यापर्यंत ती फारशी पोहोचलीच नाही. डिसेंबर 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी 140 कोटी डॉलरच्या कर्जाचा करार ठरला आणि जानेवारी 2025 मध्ये तेथील संसदेने कायदा बदलून व्यापाऱ्यांवरची बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती काढून टाकली. कर भरायचा तो डॉलरमध्येच.