वयाच्या ७३व्या वर्षी आईने गुडघे बदलून घ्यावेत का, आणि दोन्ही एकदम?

माझा उजवा गुडघा ६९व्या वर्षी बदलला, डावा त्यानंतर दीड वर्षाने. म्हणजे हे उत्तर डॉक्टरचं नाही, पेशंटचं आहे.

तुम्ही लिहिलंय की एक डॉक्टर 'दुर्बिणीने साफ करून बघू' म्हणतात, दुसरे 'दोन्ही एकदम बदला' म्हणतात, आणि आई म्हणते 'आता या वयात कशाला'.

दुर्बिणीचं आधी निकालात काढते. निव्वळ झिजेसाठी तिचा उपयोग होत नाही. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या १८० पेशंटवरच्या चाचणीत काहींना नुसत्या चिरा देऊन टाके घातले होते. दोन वर्षांनी त्यांचं दुखणं आणि खरोखर साफ केलेल्यांचं दुखणं सारखंच निघालं.

एक्स-रे बघून घाबरू नका. माझा चार वर्षं तसाच वाईट होता आणि मी हिंडत होते. मांडीचे व्यायाम, थोडं वजन कमी करणं आणि अधूनमधून गोळी, एवढ्यावर भागत होतं. (किलोभर वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.) दुखण्याने रात्री जाग यायला लागली आणि मी जिना उतरायचंच सोडलं, तेव्हा ठरवलं. आईला 'किती दुखतं' विचारू नका, 'काय काय करायचं सोडलंस' ते विचारा. झीज एकाच बाजूला असेल तर अर्धाच गुडघा बदलता येतो, तेही डॉक्टरांना विचारा.

दोन्ही एकदम केले तर भूल एकदाच आणि अंथरूणही एकदाच. पण हृदयावर ताण जास्त, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका जास्त, आणि टेकायला चांगला पाय उरत नाही. हृदयाचं काही असेल तर मी तरी एकेकच करीन. त्याआधी साखर आटोक्यात हवी, आणि किडका दात असेल तर तोही बघून घ्या. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर फार छळतो.

दुसऱ्या दिवशी मला वॉकर धरून उभं केलं. पहिले दोन आठवडे वाईट गेले. एका रात्री तर मी 'कुठून या फंदात पडले' म्हणून रडले होते. भेटायला येणारा प्रत्येकजण 'किती वाकतो' विचारतो, पण गुडघा पूर्ण सरळ होणं तितकंच महत्त्वाचं. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, आणि तीच घ्यायची नाही. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची. दीड महिन्यात काठीवर आले, तीन महिन्यांत मोकळी चालायला लागले, सूज मात्र सहा महिने होती. बाहेरच्या बाजूची थोडी कातडी अजून बधिर आहे.

पोटरी सुजून दुखली, दम लागला किंवा जखमेतून पाणी आलं तर फोन नको, थेट दवाखाना.

आणि जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. मी पहिल्याच दिवशी उलटं केलं आणि मधल्या पायरीवर बसून राहिले.