आम्ही पहिल्यांदाच सात रात्रींच्या क्रूझला निघालो आहोत, बरोबर सत्तरीतली आई आहे. केबिन कुठली घ्यावी, बोट लागेल का, आणि कसली काळजी घ्यावी?

आईंना घेऊन जाताय, फार चांगलं करताय. मी आजवर चार क्रूझ केल्या, त्यातल्या दोन वडिलांबरोबर. दुसऱ्या वेळी ते ७६ वर्षांचे होते आणि गुडघ्यांनी बेजार होते. त्यामुळे तुमचे तिन्ही प्रश्न मी स्वतः कधी ना कधी कुणाला तरी विचारलेले आहेत.

जहाजावर एकदा स्थिरावलात की फारशी चिंता नसते. जेवणखाण, साफसफाई, करमणूक सगळं वेळच्या वेळी होत असतं. घोळ होतात ते जहाजावर चढायच्या दिवशी, बंदरावर फिरून परत येताना आणि उतरायच्या आदल्या रात्री. म्हणून मी त्यांच्याबद्दलच जास्त लिहितो. त्याआधी केबिन, कारण ती आत्ताच ठरवायची आहे.

बहुतेक लोक बाल्कनी आहे की नाही एवढंच बघतात. आईंसाठी केबिन जहाजात नेमकी कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. बागेतला सी-सॉ आठवा. टोकं वरखाली होतात, मधला भाग जवळजवळ जागच्या जागी राहतो. जहाजाचंही तसंच. लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे सगळ्यात कमी. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना स्टॅबिलायझर असतात, माशाच्या परांसारखे. जहाज डावी-उजवीकडे कलतं ते त्यांच्यामुळे पुष्कळ कमी होतं. पण समोरून लाटा आल्या की पुढचं टोक वर जातं आणि खाली आपटतं, त्यावर त्यांचा इलाज चालत नाही. पुढच्या टोकाला धक्क्याला लागताना यंत्रांची घरघर आणि नांगराच्या साखळीचा खडखडाटही ऐकू येतो.

पैसे भरण्याआधी डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडून आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. लिफ्टपासून आठ-दहा दारं अंतर ठेवा. अगदी समोर नको आणि फार लांबही नको. मोठी जहाजं तीनशे मीटरहून लांब असतात. आमची केबिन पहिल्या खेपेला मागच्या टोकाला होती आणि जेवायची जागा जवळजवळ दुसऱ्या टोकाला. वडील कॉरिडॉरच्या कठड्याला धरून अर्ध्यावर थांबायचे, हातानं ‘तुम्ही व्हा पुढे’ अशी खूण करायचे. त्यांचं ते थांबणं बघून मी ठरवलं की पुढच्या वेळी बाल्कनी नसली तरी चालेल, केबिन मधलीच घ्यायची.

आणखी एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट. आतल्या बाजूच्या, बिनखिडकीच्या केबिनमध्ये दिवा मालवला की स्वतःचा हातही दिसत नाही. बऱ्याच जहाजांवर बाथरूमच्या दाराला चार बोटं उंच उंबरा असतो. रात्री झोपेत उठलेल्या वयस्कर माणसाला तो हमखास अडकतो. आम्ही बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवून दार किलकिलं ठेवायचो. उंबरा नसलेल्या, आधाराच्या दांड्या बसवलेल्या केबिन मिळतात, पण थोड्याच असतात. गरज असेल तर आजच विचारा.

आता बोट लागण्याबद्दल. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांना मात्र केबिनच्या भिंती स्थिर दिसतात. या विसंगतीनंच मळमळतं. म्हणून केबिनमध्ये पडून मोबाइल बघत बसणं सगळ्यात वाईट. वडिलांना पहिल्या रात्री घाम फुटला, चेहरा पांढरा पडला. त्यांना धरून मोकळ्या डेकवर मध्यभागी नेलं, खुर्चीत बसवलं आणि फक्त क्षितिजाच्या रेषेकडे बघायला सांगितलं. वारा तोंडावर येत होता. वीस-पंचवीस मिनिटांत त्यांच्या ओठांवर रंग आला. पोट अगदी रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. आल्याचा तुकडा बऱ्याच जणांना मानवतो. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याआधी, कारण उलट्या लागल्यावर गोळी पोटात ठरत नाही. आईंच्या बाबतीत मात्र आधी डॉक्टरांना विचाराच. या गोळ्यांनी गुंगी येते आणि उतारवयात तोल जाऊ शकतो. कानामागे लावायची पट्टी मिळते, ती काचबिंदूच्या काही रुग्णांना चालत नाही. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं.

चढायचा दिवस. जहाज सुटायच्या शहरात आदल्या दिवशीच पोहोचा. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही आणि चेक-इन सुटायच्या साधारण तास-दीड तास आधीच बंद होतं. टर्मिनलवर मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते, कधी रात्रही. माझी मोठी चूक इथेच झाली. वडिलांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या मी मोठ्या बॅगेत टाकल्या होत्या. दुपारी दोनला आम्ही जहाजावर, बॅग आली रात्री आठनंतर. तोवर मी दर दहा मिनिटांनी कॉरिडॉरमध्ये जाऊन बॅगांच्या रांगेत आमची निळी बॅग शोधत होतो. तो जीवघेणा संध्याकाळचा वेळ मी विसरलेलो नाही. सगळी औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, पासपोर्ट आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीतच ठेवा. औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवस जास्तीची घ्या.

त्याच दिवशी मस्टर ड्रिल असते, म्हणजे आणीबाणीत कुठे आणि कसं जमायचं याची तालीम. लोक कंटाळतात, तुम्ही कंटाळू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट खडकावर आदळून कलंडली आणि ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चिवितावेक्क्या बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात ती २४ तासांत घेतली तरी चालत होती. पुढे नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ड्रिल जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. इशारा म्हणजे सात आखूड भोंगे आणि एक लांब. आईंना घेऊन केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंत, म्हणजे जमायच्या जागेपर्यंत, एकदा जिन्यानं चालून बघा, आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते. जिना जमणार नसेल तर पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसला सांगा. मदत लागणाऱ्या प्रवाशांची त्यांच्याकडे वेगळी नोंद असते आणि त्यांच्यासाठी माणसं ठरवलेली असतात. हे सांगायला लाजू नका.

बंदरावर उतरताना जहाजाची वेळ हीच खरी वेळ. किनाऱ्यावरची घड्याळं तासभर पुढे-मागे असू शकतात आणि मोबाइल आपणहून किनाऱ्याची वेळ पकडतो. मनगटावर साधं घड्याळ ठेवा, जहाजाच्या वेळेला लावलेलं, आणि त्याला हात लावू नका. परतायची शेवटची वेळ सुटण्याआधी अर्धा तास ते एक तास असते, रोजच्या पत्रकात छापलेली. एका बंदरात आम्ही वरच्या डेकवर उभे होतो. गँगवे, म्हणजे चढण्या-उतरण्याचा पूल, आत ओढला होता, धक्क्यावरचा माणूस शेवटचा दोर खुंटावरून सोडवत होता, आणि लांबून एक जोडपं पिशव्या हातात घेऊन पळत आलं. जहाज आणि धक्का यांच्यात फक्त दोन हात पाणी होतं, पण ती दोघं मागेच राहिली. पुढच्या बंदरापर्यंत त्यांना आपल्या खर्चानं जावं लागलं असणार.

सहल जहाजाकडून घेतली तर महाग पडते, पण ती बस उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोहोचवायची जबाबदारी त्यांची असते. बंदराजवळच फिरायचं असेल तर स्वतःचं स्वतः जा. लांब जायचं असेल तर, विशेषतः आई बरोबर असताना, मी जहाजाचीच सहल घेईन. कार्यक्रमात ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं चिवितावेक्क्याला, म्हणजे रोमपासून सत्तरेक किलोमीटरवर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, जवळजवळ दोनशे किलोमीटर. ‘बँकॉक’ म्हणजे बहुतेकदा लाएम चाबांग, शंभराहून जास्त. नावावर भुलू नका, नकाशावर अंतर मोजा.

काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही. नांगर टाकून उभं राहतं आणि टेंडर नावाच्या छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. सांतोरिनी आणि ग्रँड केमन ही त्यातली प्रसिद्ध नावं. लाटा असतील तर टेंडर वर-खाली होत असताना नेमकं पाऊल टाकावं लागतं. खलाशी दोन्ही दंड धरतात, तरीही दुखऱ्या गुडघ्यांना ते अवघड जातं. चाकाची खुर्ची असेल तर कधी कधी नकारही मिळतो. मार्ग निवडतानाच अशी बंदरं किती आहेत ते बघा.

थोडक्यात काही गोष्टी. जहाज सुटलं की मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. समुद्रावरचं जहाजाचं नेटवर्क उपग्रहावरून चालतं, नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा येत नाही आणि बिल भयंकर येतं. जेवणाआधी साबण-पाण्यानं हात धुवा. जहाजांवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस नुसत्या सॅनिटायझरनं नीट जात नाही. सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शन बॉक्स नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. केबिनच्या भिंती बहुतेक पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक फार कामाला येतात. विम्यात आणीबाणीत जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलाय का ते वाचा, कारण जहाजावरच्या दवाखान्यात प्रत्येक तपासणीचे पैसे पडतात. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा एकच व्हिसा) लागत असेल आणि मार्ग ग्रीसहून शेंगेनबाहेरच्या तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येत असेल तर एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट टर्मिनलवरच भेटतात. आमच्या शेजारच्या केबिनमधल्या बाईंनी पतीचे बूट त्यात भरून टाकले आणि ते सकाळी सपाता घालून उतरले. दुसऱ्या दिवसाचे कपडे, पादत्राणं, औषधं बाहेर ठेवून मगच चेन लावा. त्याच संध्याकाळी जहाजावरच्या तुमच्या खर्चाच्या खात्याचा हिशेब मागून ओळ न ओळ बघा. बऱ्याच जहाजांवर रोजची टिप आपोआप लागते. चुकीची नोंद असेल तर रात्रीच दुरुस्त करून घ्या, सकाळी काउंटरपुढे मोठी रांग असते. खात्याला डेबिट कार्ड जोडू नका. ते खर्चापेक्षा जास्त रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला काही दिवस लागतात. आईंना उतरताना चाकाची खुर्ची हवी असेल तर आदल्या दुपारीच नाव नोंदवा. सकाळी मागणारे पुष्कळ असतात आणि खुर्च्या मोजक्या.