ओबामाकेअर रद्द का झालं नाही, आणि न्यू जर्सीतल्या भावाला त्याचं काय?

तुम्ही विचारलंय: ओबामाकेअर (२०१० चा अमेरिकी आरोग्य विमा कायदा) रद्द करू म्हणणाऱ्या रिपब्लिकनांना २०१७ मध्ये सगळी सत्ता मिळाली, तरी ते रद्द का झालं नाही? आधीच्या आजारांचं संरक्षण ठेवून बाकीचा कायदा काढायला काय हरकत आहे? आणि न्यू जर्सीतल्या भाऊ-वहिनींना याचा काय फरक पडेल?

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो वाचून राहवत नाही. आधीच्या आजारांचं संरक्षण हा त्या कायद्यातला महाग भाग आहे. मधुमेह असलेल्या माणसाला नकार द्यायचा नाही, जास्त हप्ता लावायचा नाही, असं विमा कंपनीला बजावलं की धडधाकट माणूस म्हणतो, आजारी पडलो की घेऊ. मग विम्यात आजारीच उरतात, हप्ता चढतो, आणखी धडधाकट लोक बाहेर पडतात. सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे तिथे हे घडलेलं आहे. १९९३ मध्ये कायदा झाला, १९९५ मध्ये त्यातली सक्ती काढली, पण नकार न देण्याचा नियम ठेवला. १९९९ पर्यंत त्या राज्यात जवळजवळ कुठेच स्वतःच्या खिशातून नवीन वैयक्तिक पॉलिसी विकत मिळेना.

म्हणून २०१० च्या कायद्यात तीन गोष्टी एकत्र बांधल्या. कुणालाही नकार नाही. विमा न घेतल्यास दंड, जो पुढे प्रौढामागे ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या २.५ टक्के, यातला जास्त असेल तो, इथवर गेला. आणि ज्याला हप्ता झेपत नाही त्याला सबसिडी. हप्ता ठरवताना वय, गाव, तंबाखू आणि कुटुंबातली माणसं एवढंच बघायचं. वयामुळे फरक जास्तीत जास्त तिप्पट. यातली पहिली गोष्ट सगळ्यांना हवी असते आणि दुसरी कुणालाच नको असते. सगळं राजकारण या एका ओळीत आहे.

आता २०१७. अमेरिकी संसदेची, म्हणजे काँग्रेसची, हाऊस आणि सिनेट अशी दोन सभागृहं. सिनेटमध्ये नेहमीचं विधेयक पुढे न्यायला ६० मतं लागतात. रिपब्लिकनांकडे ५२ होती. म्हणून त्यांनी ‘रिकन्सिलिएशन’ हा अर्थसंकल्पाचा रस्ता धरला, ज्यात साधं बहुमत पुरतं. पण तिथे बर्ड नियम आडवा येतो: ज्याचा सरकारी जमाखर्चाशी थेट संबंध नाही ते या विधेयकात घालता येत नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. दंड हा कर, तो काढता येतो. सबसिडी आणि मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) हा खर्च, तो कापता येतो. पण ‘आजाऱ्याला नकार नाही’ हा कंपन्यांवरचा नियम आहे, तो पूर्ण काढून टाकणं या रस्त्याने जवळपास अशक्य. म्हणजे वाटच अशी निवडली होती की तोलून धरणारा पैसा जाईल आणि महाग वचन तसंच राहील.

हाऊसमध्ये ४ मे २०१७ ला विधेयक २१७ विरुद्ध २१३ ने पार पडलं. त्याने २०२६ पर्यंत २ कोटी ३० लाख जास्त लोक विम्याबाहेर राहतील, असा काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता. सिनेटमध्ये २५ जुलैला नुसती चर्चा सुरू करायला ५०-५० मतं पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष पेन्स यांनी निर्णायक मत दिलं. मेंदूच्या कर्करोगाचं निदान झालेले रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन त्यासाठी ॲरिझोनाहून आले, चर्चा सुरू करायच्या बाजूने मत दिलं आणि रीतसर समित्यांमधून कायदा करा असं भाषण केलं. मग पर्यायी विधेयक ४३-५७ ने पडलं. पर्यायाविना रद्द करण्याचं ४५-५५ ने पडलं. उरलं ते ‘स्किनी’ विधेयक: दंड काढायचा, नियम तसेच. आठ पानांचा मसुदा मतदानाच्या काही तास आधी हातात आला. त्यात १ कोटी ६० लाख लोक विम्याबाहेर आणि हप्ते सुमारे २० टक्क्यांनी वर, असा अंदाज होता. काही रिपब्लिकन सिनेटर तर हमी मागत होते की आम्ही होकार दिला तरी हाऊसने हे जसंच्या तसं मंजूर करू नये! आपलं विधेयक कायदा होऊ नये अशी अट घालून त्याला मत द्यायला माणसं तयार होतात, तेव्हा त्यांच्याकडे पर्याय नाही हे उघड आहे. २८ जुलैच्या पहाटे दीडच्या सुमारास कॉलिन्स, मर्कोव्स्की आणि मॅकेन या तीन रिपब्लिकन सिनेटरांनी विरोध केला. ४९-५१. दोन मतं गेली असती तर पेन्स सावरू शकले असते, तिसरं गेलं आणि संपलं.

रिपब्लिकनांची तक्रार खोटी होती असं मात्र म्हणू नका. ‘तुमची आहे ती पॉलिसी तशीच राहील’ हे ओबामांचं आश्वासन २०१३ मध्ये लाखो लोकांसाठी खोटं ठरलं, आणि ज्या उत्पन्नापर्यंत सबसिडी मिळते त्या रेषेच्या जरा वर कमावणाऱ्या घरांना हप्ता खरोखर झेपेना. पण दुखणं सबसिडीच्या रेषेत होतं, ते रद्द करून बरं होणार नव्हतं.

आणि माझ्या म्हणण्यातली एक उणीवही मान्य करायला हवी. डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने २०१९ पासून दंड शून्य केला, तरी बाजार कोसळला नाही. सबसिडीने तो धरून ठेवला. म्हणजे सक्तीपेक्षा पैशाचा आधार मोठा निघाला. म्हणूनच २०२१ मध्ये वाढवलेल्या सबसिडीची मुदत २०२५ अखेर संपणं ही माझ्या मते २०१७ नंतरची सगळ्यात गंभीर गोष्ट आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकी सरकार ४३ दिवस बंद राहिलं ते याच भांडणात.

भावाचं. नोकरीतून विमा असेल तर थेट फरक थोडा. मुलं २६ वर्षांपर्यंत पॉलिसीवर राहणं आणि कंपनी देते त्या खर्चाला आजन्म मर्यादा नसणं हे मात्र याच कायद्यामुळे. न्यू जर्सीने २०१९ पासून स्वतःचा दंड लावलाय, तेव्हा ‘दंड गेला’ असं समजून विमा सोडू नये. नोकरी गेल्यास ६० दिवसांत या कायद्याखालच्या सरकारी विमा-बाजारातून विमा घेता येतो. एच-१बी (नोकरीचा) व्हिसा असेल तर १ जानेवारी २०२७ पासून केंद्राची सबसिडी मिळणार नाही.

विमा स्वतःच घेत असतील तर २०२६ साठी दोघांच्या घराची सबसिडीची रेषा ८४,६०० डॉलर उत्पन्न. तिथवर मधल्या दर्जाच्या ठरावीक सिल्व्हर योजनेचा हप्ता उत्पन्नाच्या ९.९६ टक्क्यांवर जात नाही, म्हणजे वर्षाला साधारण ८,४२६ डॉलर. एक डॉलर वर गेला की केंद्राची सबसिडी शून्य, आणि साठीच्या जोडप्याला पूर्ण हप्ता फार मोठा असतो. आपली माणसं चुकतात ती इथेच: पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) ठेवीचं व्याज या उत्पन्नात धरलं जातं. ते व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत नाही. रेषेच्या जवळ असतील तर एचएसए (औषधपाण्यासाठीचं करसवलतीचं खातं) किंवा करवजावट मिळणाऱ्या आयआरएत (निवृत्तीच्या खात्यात) पैसे टाकून उत्पन्न खाली आणता येतं; २०२६ पासून बाजारातल्या ब्रॉंझ (कमी हप्त्याच्या) योजनांनाही एचएसए चालतं. अर्ज करताना उत्पन्नाचा अंदाज कमी धरू नका. जास्तीची आगाऊ सबसिडी परत करण्यावर पूर्वी कमी उत्पन्नवाल्यांना मर्यादा होती, २०२६ च्या करवर्षापासून ती गेली. करविवरणासोबत सबसिडीच्या हिशेबाचा फॉर्म ८९६२ भरताना सगळी रक्कम एकदम भरावी लागेल.