सुईच्या नेढ्याभोवती दोरा नाचतो

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी ५४ वर्षांची. बावीस वर्षं घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते; कारखान्यातून कापून गठ्ठे येतात. तीन वर्षांपासून दोन्ही हात थरथरतात, उजवा जास्त. मशीनवर कापड दाबून धरलं की फार जाणवत नाही, पण बटणं लावायला सुई घेतली की दोरा नेढ्याभोवती नुसता नाचतो. नात शाळेत जायच्या आधी दहा सुया ओवून ठेवते.

पहिले डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहे. ताकदीची इंजेक्शनं दिली. दुसऱ्यांनी मेंदूचा एमआरआय काढायला लावला. रिपोर्ट नॉर्मल. "काही नाही, जा घरी." काही नाही तर हात का हलतो? शेजारच्या अक्का कंपवात म्हणतात, त्यांनी चूर्ण आणून दिलंय. गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे आले होते, आमटी वाढताना ताटाबाहेर सांडली. जाऊबाई म्हणाल्या, "राहू दे, तू बस." तेव्हापासून मी वाढायला उठतच नाही. आमच्या वडिलांचा, अण्णांचाही बशीत ओतताना चहा सांडायचा. माझंही वय झालं म्हणायचं का? बाकी तब्येत बरी आहे. ॲसिडिटीची कॅप्सूल तेवढी चार वर्षं रोज घेते.
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या शेवटच्या तीन ओळी मी दोनदा वाचल्या. तीन वर्षांत त्या तुम्हाला कुणी विचारल्याच नाहीत असं दिसतं.

आधी अण्णांचा चहा. हातात काही धरलं, उचललं की थरथर, मांडीवर हात टेकवला की शांत, दोन्ही हातांना आणि घरात आणखी कुणाला, असं असेल तर 'इसेन्शियल ट्रेमर'चा विचार आधी येतो. इसेन्शियल म्हणजे इथे अत्यावश्यक नव्हे. कारण सापडत नाही हे सांगायची ती वैद्यकातली सभ्य पद्धत. यात एमआरआय नॉर्मलच येतो. तेव्हा "रिपोर्टमध्ये काही नाही" हे बरोबर होतं, "जा घरी" हे चुकलं.

अक्का ज्याला कंपवात म्हणतात, त्या पार्किन्सनची थरथर बहुतेकदा एका बाजूने सुरू होते आणि हात स्वस्थ असताना जास्त दिसते. सोबत हालचाल मंदावते, अक्षर बारीक होत जातं, चालताना एक हात हलत नाही. हेही निदान डॉक्टर मुख्यतः बघून, हात हलवून करतात, यंत्र नव्हे.

आता ती कॅप्सूल. पाकिटामागची बारीक अक्षरं नातीकडून वाचून घ्या. पँटोप्रॅझॉल किंवा रॅबेप्रॅझॉलच्या जोडीला 'लेव्होसल्पिराइड' लिहिलंय का? आपल्याकडे ही जोडगोळी सर्रास दिली जाते आणि लोक ती वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा आणतात. त्या दुसऱ्या औषधाने काहींना पार्किन्सनसारखी थरथर आणि मंदपणा येतो. वेळीच ओळखलं तर औषध बंद केल्यावर बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत-महिन्यांत उतरतो. नाव सापडलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. अक्कांचं चूर्णही पिशवीत टाका. त्यात खाजकुहिलीचं बी असेल तर त्यात लेव्होडोपा असतो, पार्किन्सनवर देतात तोच. तो पोटात असताना तपासणीचा अंदाज चुकू शकतो. अक्कांना वाईट वाटेल, वाटू दे.

थायरॉइडची रक्ततपासणी झाली नसेल तर करून घ्या. ते वाढलं तरी बोटं थरथरतात. मग न्यूरोलॉजिस्टकडे जा. सोलापुरात आहेत, पहिल्याच फेरीला पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची गरज नाही. जाताना मुलाच्या मोबाइलवर तीन व्हिडिओ काढून न्या : मांडीवर हात ठेवून शंभरपासून उलटे आकडे म्हणताना, भरलेला पेला तोंडाशी नेताना आणि सुई ओवताना. तपासणीच्या खोलीत हात नेमका शहाण्यासारखा वागतो. एका कागदावर चकलीसारखी गोल गोल रेघ काढा, दोन्ही हातांनी, मनगट न टेकवता. आणि अण्णांचं आपणहून सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका.

इसेन्शियल ट्रेमर निघाला तर प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांनी बऱ्याच जणांचा हात पुष्कळ सावरतो. थरथर पूर्ण थांबेलच असं नाही. दम्यासाठी पंप वापरत असाल तर ते आधी सांगा. काही पंपांनीही हात थरथरतो आणि दमा असेल तर ही गोळी चालत नाही.

तोवर शिवणसामानाच्या दुकानात सुई ओवायची बारीक तार मिळते, ती आणून ठेवा. नात शाळेत गेल्यावर अकरावी सुई लागली तर कामाला येईल.