स्पीच थेरपिस्टने कायद्यासाठी लोकप्रतिनिधींना भेटावे का? निवेदन कसे लिहावे?

भेटावे. हे संघटनेचे काम आहे, आपले नव्हे, असे आपल्या प्राध्यापकांनी सांगितल्याचे आपण लिहिले आहे. तेच वाक्य मीही ऐकलेले असल्यामुळे हे उत्तर लिहिते आहे.

२०१३ साली माझ्याकडे ४८ वर्षांचे एक कारकून उपचारांसाठी येत असत. मेंदूतील रक्तस्रावातून ते वाचले, हातपाय शाबूत राहिले, पण वाचाघात झाला, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा वापरण्याची क्षमता बिघडली. समोरच्याचे बहुतेक बोलणे त्यांना समजे. मात्र पेन दाखवले की तोंडातून ‘चावी’ येई, आणि आपण चुकलो हे त्यांचे त्यांनाच कळत असल्यामुळे ते मान खाली घालत. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ते गेले तेव्हा त्यांना चालवून पाहिले, मूठ आवळायला लावली, कान तपासले आणि परत पाठवले. तपासणाऱ्यांना तरी काय म्हणणार? १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यांत श्रवणदोष होता, वाचाघात नव्हता. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढता येणार नाही, असे त्याच कायद्याचे ४७ वे कलम सांगत होते, पण कायदा ज्याला अपंग मानतच नाही, त्याने ते कलम कोणाला दाखवायचे?

फेब्रुवारी २०१४ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचे नवे विधेयक राज्यसभेत मांडले गेले आणि त्यातील १९ प्रकारांत वाचा व भाषा यांचाही समावेश झाला. ही नोंद शेवटपर्यंत टिकावी म्हणून मी या गृहस्थांची हकिगत लिहून काढली आणि आमच्या विभागातील एका ज्येष्ठांकडे सहीसाठी नेली. ‘आपण दवाखान्यातली माणसे, दिल्लीला पत्रे लिहिणे आपल्याला शोभत नाही,’ असे म्हणून त्यांनी कागद परत केला. मी एकटीच खासदारांच्या कार्यालयात गेले. तेथील स्वीय सहायकांनी निवेदन वाचून ‘म्हणजे मुके ना?’ असे विचारले, आणि मुका माणूस व शब्द हरवलेला माणूस यांतला फरक सांगण्यात माझी वीस मिनिटे गेली. ती वीस मिनिटे हेच आपले काम, असे माझे ठाम मत आहे, कारण तो फरक आपल्याशिवाय कोणीही सांगणार नाही.

त्या विधेयकातून झालेल्या २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आले आणि व्याख्येत वाचाघाताचे नावही आले. ते माझ्या पत्रामुळे आले, असा माझा दावा नाही. पण सही नाकारणारे तेच ज्येष्ठ आज त्याच व्याख्येच्या आधारे रुग्णांचे अहवाल लिहितात, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

काम संपलेले नाही. व्याख्येत ‘कायमस्वरूपी’ हा शब्द आहे. वाचाघात झालेला माणूस महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे सुधारत राहतो, मग कायमस्वरूपी कधी म्हणायचे? शिवाय सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षण ज्या गटांना आहे, त्यांत केवळ वाचा व भाषा दिव्यांगत्व असलेली व्यक्ती ३४ व्या कलमात कोठेच बसत नाही. आपल्याला निवेदनासाठी विषय हवा असेल तर हा घ्यावा.

निवेदन एका पानाचे असावे: एक रुग्ण, एक कलम, आणि त्या कलमात नेमके कोणते शब्द हवेत ते. कायदा संसदेचा असल्याने त्यातील बदलासाठी खासदारांकडे जावे, राज्याच्या नियमांसाठी आमदारांकडे. आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये.

आपण सरकारी सेवेत असाल तर मात्र आधी सेवानियम पाहावेत, आणि तेव्हा संघटनेमार्फत जाणेच बरे, एवढे आपल्या प्राध्यापकांचे मान्य करते. रुग्णाची संमतीही हवी. त्या गृहस्थांची संमती मी चित्रे दाखवून घेतली होती. त्याला दोन बैठका लागल्या, आणि दुसऱ्या बैठकीत त्यांनी माझ्या मसुद्यातील ‘बिचारे’ या शब्दावर बोट ठेवून तो खोडायला लावला.